तिसऱ्या रांगेतली आई

व्हर्लीन स्टॅम्परने आपल्या आईला मारलं ते मार्च महिन्यात, सकाळी पावणेसहा वाजता, रेडिओवर. आई त्या वेळी केनी क्रीकच्या खोऱ्यात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिला साधी उचकीसुद्धा लागली नाही.

आता कुणी म्हणेल, पोरगी कैदाशीण होती. मुळीच नव्हती. आमच्या खोऱ्यात तिच्याइतकी मऊ पोर दुसरी नव्हती, आणि तिथेच तर घोडं पेंड खात होतं. जी पोर कुणालाच नाही म्हणू शकत नाही, तिच्याकडून जग काहीही करून घेतं.

झालं असं, की सत्तेचाळीसच्या ऑक्टोबरात डॉइल रॅटलिफ नावाचा गायक आपली गाण्या-वाजवण्याची मंडळी घेऊन आमच्या शाळेत कार्यक्रमाला आला. त्यानं व्हर्लीनला गाताना ऐकलं आणि तिला बरोबर न्यायचं म्हणाला. तिचं वय एकोणीस. खोऱ्यात खळबळ उडाली. आमच्या चर्चमध्ये गिटारसुद्धा चालत नाही. देवाला नुसता गळा पुरतो असं मानणारी माणसं आम्ही. वडीलधारे ऑर्फाच्या, म्हणजे व्हर्लीनच्या आईच्या, ओसरीवर येऊन बसले. विधवा बाई, एकुलती एक मुलगी, जरा विचार कर म्हणाले. ऑर्फा घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "देवानं तिला गळा दिलाय तो काय कोंबड्या हाकायला? जाऊ दे तिला. नरकात जायची वेळ आलीच, तर वाट तरी गात कापेल."

असं बोलणारी आई होती ती. हे लक्षात ठेवा म्हणजे पुढचं कळेल.

राहता राहिला लोकलज्जेचा प्रश्न. एका गाडीत चार पुरुष आणि एक पोरगी, तीही रोज नव्या गावात. लोक काय फुलं उधळतील? म्हणून त्या काळी प्रत्येक मंडळीत गाणारी मुलगी कुणाची तरी बायको नाहीतर बहीण असायचीच. नसली तर करून घ्यायची. डॉइलला घरी बायको होती, तेव्हा व्हर्लीन झाली बहीण. व्हर्लीन रॅटलिफ. मंचावर ती त्याला "दादा, अरे" म्हणे आणि खाली उतरली की "अहो डॉइल." ऑर्फाला हे मान्य होतं. निघताना ती रस्त्यापर्यंत आली आणि डॉइलला म्हणाली, "बहीण म्हणून नेतोयस, तर बहिणीसारखी ठेव. नाहीतर मी चालत येईन. आणि मी चालत आले, तर माझ्या हातात काय असेल ते मला विचारू नकोस."

डॉइलनं शब्द पाळला हे मान्य करायला हवं. त्यानं तिच्या अंगाला कधी बोट लावलं नाही. त्यानं तिची आई तेवढी घेतली.

रेडिओवर त्यांना रोज पहाटेची पंधरा मिनिटं मिळाली होती, एका पिठाच्या कंपनीच्या कृपेनं. कंपनी गाणं ऐकत नसे, पत्रं मोजत असे. आठवड्याला दहा-बारा पत्रं यायची, त्यातली निम्मी मंडळीतल्या विदूषकाला, होबार्टला. होबार्ट पुढचे दोन दात काळे करून, ढगळ पॅन्ट घालून बँजो वाजवायचा आणि म्हाताऱ्या बायका त्याला मोजे विणून पाठवायच्या. मार्चअखेर पत्रं वाढली नाहीत तर गाशा गुंडाळा, असा निरोप आला. तेव्हा डॉइलनं एक गाणं काढलं, "खिळ्यावरचा एप्रन." आई गेली, पण तिचा एप्रन स्वयंपाकघरातल्या खिळ्याला तसाच टांगलेला आहे, असं ते गाणं. सुराला बरं होतं, पण मधे चार ओळी नुसत्या बोलायच्या होत्या, आणि त्या मुलीनं बोलायच्या.

"मी नाही बोलणार," व्हर्लीन म्हणाली. "माझी आई धडधाकट आहे."

"माझी नाही ना," डॉइल म्हणाला. "माझी आई गेली त्याला चार वर्षं झाली. तू माझी बहीण. माझी गेली, तर तुझी कशी राहील? दोघांची एकच की नाही?"

"पण खरी आई..."

"अगं, केनी क्रीकला आपलं स्टेशन लागतंय कुठं? मधे अख्खा डोंगर आहे. आईला कळायचंसुद्धा नाही. चार ओळी आहेत, पोरी. नाहीतर सोमवारपासून तू घेवडा मोड आणि मी खाणीत जातो."

खोट्याचं पाप लागू नये म्हणून व्हर्लीननं पाठीमागे बोटावर बोट चढवलं आणि चार ओळी बोलली. बोलताना तिला खरंच रडू आलं, कारण ती पाच महिन्यांत घरी गेली नव्हती. तो हुंदका माईकनं पकडला. पुढच्या आठवड्यात पत्रांचं पोतं आलं, अक्षरशः पोतं. रुमाल आले. आईविना पोरीला म्हणून सफरचंदाच्या करंज्या आल्या, त्यांचा वाटेत चुरा झालेला. एका बाईनं गोधडी पाठवली, तिच्या कोपऱ्यात "आईच्या स्मरणार्थ" असं दोऱ्यानं भरून पुढे नावापुरती जागा सोडलेली. व्हर्लीननं ती गोधडी अंगावर घेतली नाही. गाडीत होबार्टच्या पायांवर टाकली.

कंपनी खूश झाली. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मोठ्या स्टेशनवर, मोठ्या नाट्यगृहातून, संध्याकाळचा कार्यक्रम द्यायचं ठरलं. तो जमला तर कायमचा. अर्ध्या देशात ऐकू जाणारं स्टेशन ते. डॉइल तर जमिनीवर चालेना.

आणि इकडे आमच्या खोऱ्यात दुकानदार एस्टिल स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हता. चर्चमधला म्हणून त्याला सगळे ब्रदर एस्टिल म्हणत. आपली पोर रेडिओवर गाते आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे काय! त्यानं दोनशे हात तार आणली, डोंगराच्या कण्यावरच्या उंच झाडाला बांधली आणि खाली दुकानात ओढून घेतली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे स्टेशन लागलं, खरखरत का होईना. एस्टिलनं सगळ्यांना बोलावलं. ऑर्फाला शेगडीजवळची खुर्ची दिली.

व्हर्लीनला यातलं काही ठाऊक नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या बुधवारी मंडळींचा कार्यक्रम पाइन गॅपच्या शाळेत होता, आमच्यापासून तीस मैलांवर. वर्गांमधल्या फळ्या काढून एकच मोठी खोली केली होती, बाकं दाटीवाटीनं मांडली होती. होबार्ट पॅन्ट सावरत लोकांना हसवत होता, आणि व्हर्लीन पडद्याच्या फटीतून बघत होती. तिसऱ्या रांगेत ब्रदर एस्टिल बसला होता. त्याच्या शेजारी, काळी हॅट घालून, मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन, तिची आई.

पहिल्यांदा तिला आनंदच झाला. आई! पळत जावं असं वाटलं. मग त्या चार ओळी आठवल्या.

"डॉइल," ती म्हणाली, "एप्रन आज नको."

"वेडी का काय? तेच ऐकायला आलेत."

"आई आलीय. तिथे बसलीय."

डॉइलनं फटीतून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. "मग आज चार ओळी गाळ," तो म्हणाला. "नुसतं गाणं म्हण. पुढचं मी बघतो."

पण व्हर्लीनच्या मनात दुसरंच होतं. ती मंचावर आली, सूर सुरू झाला, आणि तिनं हात वर करून तो थांबवला. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाला तरी थांबवत होती.

"ऐका," ती म्हणाली. "माझी आई मेलेली नाही. ती जिवंत आहे. इथेच आहे ती. तिसऱ्या रांगेत बसलीय, काळी हॅट घालून, आणि माझ्याकडे बघतेय."

आणि मग मागून एक म्हातारा आवाज गरजला, "आमेन!"

"ग्लोरी!" एक बाई ओरडली. "पोरीला दिसतेय! पोरीला तिची आई दिसतेय!"

झालं. चर्चमध्ये वाढलेली माणसं. मेलेलं कुणी परत भेटतं यावर त्यांचा जितका विश्वास, तितका पोस्टमनवरही नसेल. सगळी खोली हुंदके देऊ लागली. माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या, पण नजरा माणसांवर नव्हत्या, त्यांच्या डोक्यांवरच्या हवेत होत्या. आणि काळ्या हॅटचं म्हणाल तर त्या रांगेत काळ्या हॅटच्या बायका पाच होत्या. आमच्याकडे बाईला एकच चांगली हॅट असते आणि ती काळीच असते.

ऑर्फा उठली. "अहो, मीच ती," ती म्हणाली. "मी ऑर्फा स्टॅम्पर."

शेजारच्या धिप्पाड बाईनं तिचा हात घट्ट धरला. डोळ्यांतून धारा लागलेल्या. "हो गं सिस्टर," ती म्हणाली, "आज सगळ्यांच्याच आया इथे आल्यात. माझीही आलीय. बस, बस." आणि तिनं ऑर्फाला खाली बसवलं. पुढच्या रांगेतल्या दोघीजणी हात वर करून उभ्या राहिल्या, त्यात ऑर्फा दिसेनाशीच झाली.

"नाही हो, तसं नाही!" व्हर्लीन माईकमधून म्हणाली. "खरंच आहे ती!"

"खरंच आहे!" खोली म्हणाली. "आमेन!"

डॉइलनं गिटारीवर हात टाकला आणि गाणं सुरू केलं. ती तरी काय करणार, गायली.

कार्यक्रम संपल्यावर शाळेमागे कोळशाच्या खोपटापाशी दोघी भेटल्या. एस्टिल आपल्या गाडीत जाऊन बसला. ऑर्फानं फडकं सोडलं. आत करंज्या होत्या, अख्ख्या.

"खा," ती म्हणाली. "गळ्याची हाडं वर आलीत."

"आई, मी सांगितलं त्यांना. ऐकलंस ना तू? मी सांगितलं!"

"ऐकलं की. तू सांगितलंस खरं. पण आधी त्याच तोंडानं दुसरं सांगितलं होतंस. लोकांनी बिचाऱ्यांनी कुठलं धरायचं?" ऑर्फा खोपटाच्या उंबऱ्यावर बसली. "बारा माणसं होती गं दुकानात. मी माझी चांगली हॅट घालून गेले होते रेडिओ ऐकायला. तू म्हणालीस, आईला पुरलं तेव्हा जमीन गोठलेली होती. एस्टिलची बायको म्हणाली, ऑर्फा, तुझा रंग मात्र छान टिकलाय हो. सगळे हसले. मीही हसले. मला काय, मी हसते. घरी आले आणि एप्रन काढून खिळ्याला लावायला हात गेला, तो तसाच राहिला. तेव्हापासून एप्रन खुर्चीवरच टाकते."

"मला वाटलं तुला ऐकू यायचंच नाही."

"म्हणजे मला ऐकू आलं नसतं तर मी मेले तरी चालत होतं."

व्हर्लीन रडायला लागली. ऑर्फानं तिला रडू दिलं. मग हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं.

"हे बघ. बहीण झालीस, मी काही म्हणाले? रॅटलिफ नाव लावलंस, म्हणाले काही? पोटासाठी माणूस सोंगं करतो. पण जिवंत माणसाला मेलं म्हणू नये. आपल्याकडे म्हणत नाहीत. माझ्या घरात दोनदा चिमणी शिरलीय त्या दिवसापासून, आणि चिमणी शिरली की घरातलं कुणीतरी जातं, ते तुला ठाऊक आहे. मी भीत नाही. पण लोक मला आता निराळ्याच नजरेनं बघतात. शनिवारी तू मोठ्या स्टेशनवर आहेस?"

"हो."

"ते आमच्याकडे तारेशिवाय लागतं. सगळं खोरं बसणार आहे दुकानात. तू एकदा माझं नाव घे. ऑर्फा स्टॅम्पर, केनी क्रीक, माझी आई. बस. मग तुला काय रडायचंय ते रड, कुणाचा एप्रन टांगायचाय तो टांग. एवढं करशील?"

"करीन."

"आईच्या गळ्याची शपथ घेऊ नकोस. नुसतं कर."

गाडीत डॉइलच्या उत्साहाला ऊत आला होता. "तिसरी रांग! काय सुचलंय पोरी! हे रोज करायचं!" व्हर्लीननं त्याला सगळं सांगितलं. शनिवारी मी आईचं नाव घेणार, म्हणाली. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही.

"घे," तो म्हणाला. "माईक तुझ्यापुढे, तोंड तुझं. मी काय तुझं तोंड दाबणार आहे? पण कंपनीचा माणूस पहिल्या रांगेत बसणार. आणि ज्यांनी रुमाल पाठवले ना, ती माणसं तुला खोटारडी म्हणतील, उद्या दुसरी मुलगी येईल. तुझं तू बघ."

"नाव घे, पोरी," मागून होबार्ट म्हणाला. दात पुसलेले होते, त्यामुळे तो अगदी साधा, दमलेला माणूस दिसत होता. "मी वीस वर्षं दात काळे करतोय. आता पांढरे दाखवले तर लोकांना वाटतं, हेच सोंग."

तीन दिवस व्हर्लीन ते चार शब्द घोकत होती. ऑर्फा स्टॅम्पर, केनी क्रीक. केस विंचरताना, गाडीत, जेवताना. धडा पाठ झालेलं पोर जसं परीक्षेची वाट बघतं, तशी ती शनिवारची वाट बघायला लागली. तिला वाटलं, आपण आता पक्क्या झालो.

नाट्यगृहात दीड हजार माणसं होती. एवढी माणसं तिनं एका छपराखाली कधी पाहिली नव्हती. तांबडा दिवा लागला, म्हणजे आता सगळा देश ऐकतोय. डॉइलनं ओळख करून दिली, "माझी धाकटी बहीण व्हर्लीन," आणि ती पुढे आली. पहिल्या रांगेत राखाडी सुटातला कंपनीचा माणूस पाय हलवत बसला होता. तिनं श्वास घेतला. शब्द जिभेवर तयार होते.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडली. पाइन गॅपची गोष्ट तोवर पसरली होती.

"व्हर्लीन, लेकी! आई आलीय का गं आज?"

कंपनीच्या माणसाचा पाय थांबला. दीड हजार तोंडं तिच्याकडे लागली होती, आणि त्या तोंडांवर एवढी माया होती, एवढी आस होती, की असं तिच्याकडे आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं. तिला दिसत होतं ते दुकान. शेगडीजवळची खुर्ची. कान रेडिओकडे करून बसलेली आई. सगळं स्पष्ट दिसत होतं. विसरली म्हणावं, तर विसरली नव्हती.

"आलीय," ती म्हणाली. "तिसऱ्या रांगेत बसलीय."

आणि मग ती गायली. असं गायली, की गॅलरीतली माणसं उभी राहिली, कंपनीच्या माणसानं चष्मा काढून डोळे पुसले. त्यातलं एक अक्षरही खोटं वाटत नव्हतं. सोमवारी करारावर तिची सही झाली, व्हर्लीन रॅटलिफ म्हणून.

घरी तिनं तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

मेच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे सगळं खोरं टेकडीवरच्या कबरींवर फुलं घालायला जमतं. गवत काढायचं, माती नीट करायची, गाणी म्हणायची, आणि मग झाडाखाली चादरी अंथरून सगळ्यांनी एकत्र जेवायचं. परका वाटसरू आला तरी त्याला ताट द्यायचं, ही रीत. कुणाचं तरी माणूस इथे असेल म्हणून आलाय, असं धरून चालायचं.

व्हर्लीन कंपनीच्या गाडीनं आली. नवे बूट टेकडीच्या मातीत रुतत होते. एस्टिल हातातल्या फुलांकडे बघत राहिला. ऑर्फा चादरीपाशी वाकून वाढत होती. ती सरळ झाली, हात पुसले, आणि मुलीकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"या," ती म्हणाली. "लांबून आलात वाटतं. बसा, ताट घ्या."

"आई," व्हर्लीन म्हणाली.

"तुमचं कोण आहे इथे?" ऑर्फानं विचारलं. त्या दिवशी परक्याला हेच विचारतात.

व्हर्लीनच्या हातात ताट आलं होतं. ऑर्फानं त्यात उकडलेला घेवडा वाढला, मक्याच्या भाकरीचा तुकडा ठेवला. सगळं नीट, पाहुण्याला वाढतात तसं, जरा जास्तच.

"वडील," व्हर्लीन म्हणाली. "ते तिथे, कुंपणाजवळ."

"अरेरे. आणि आई?"

"आई आहे." ती आता हुंदके देत होती. "जिवंत आहे. ऑर्फा स्टॅम्पर. केनी क्रीकची ऑर्फा स्टॅम्पर. माझी आई!"

केवढ्यानं ओरडली ती! टेकडीवर सगळ्यांनी ऐकलं. एस्टिलच्या बायकोनं तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला. ऑर्फाच्या हातातला वाढायचा डाव तसाच राहिला. आम्हाला वाटलं, आता सुटलं, आता धरील पोरीला पोटाशी.

"ते त्या शनिवारी सांगायचं होतं, बाई," ती हळू म्हणाली. "आम्हाला तर इथे सगळ्यांना माहीतच आहे."

मग तिनं डाव पातेल्यात घातला आणि पुढच्या माणसाला वाढायला गेली.